अर्धं पाऊल पुढं

गावाचं नाव मी लिहिणार नाही. शिरूर आणि दौंडच्या मधे, नदीकाठी, म्युनिसिपालटी असलेलं एवढंसं गाव; ओळखणारे ओळखतीलच. बाकीच्यांसमोर आमच्या माणसाची अब्रू कशाला काढू? यांचं नावही लिहीत नाही, पण ते अब्रूसाठी नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि सत्तरी गाठली तरी ती माझ्या हातून सुटत नाही. गाव यांना आप्पा म्हणायचं. तेरा वर्षं आप्पा आमचे नगराध्यक्ष होते. चौदावं वर्ष कसं उजाडलं ते मला सांगायचं आहे, कारण त्यात माझाही हात होता.

चौऱ्याहत्तरचा श्रावण होता. सकाळी शेजारची रतनबाई ताक मागायला आली. हे ओट्यावर फेटा बांधत होते. सहज म्हणाले, "काय बाई, मालक दिसंनात दोन दिस झालं. बरं हाय न्हवं?"

रतनबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिचा नवरा अक्षय्यतृतीयेला वारला होता आणि तिरडीला पुढून उजवा खांदा यांनीच दिला होता. ती माझ्याकडे बघायला लागली. मी हसून म्हणाले, "अगं, त्यांना गिताबाई वाटली. चष्मा कुठं लावतायत!" गिताबाई पलीकडच्या आळीतली, हिच्याच उंचीची. रतनबाईला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ताक घेऊन गेली.

ती गेल्यावर यांनी अर्धवट बांधलेला फेटा पुन्हा सोडला. "मी खांदा दिला हुता का गं?"

"दिला हुता."

"मग मला का आठवंना?"

यांच्यासारख्या माणसानं हे विचारावं!

आमचे सासरे मेंढरं राखायचे. तीनशे मेंढरांत एक कमी असलं तर त्यांना न मोजता कळायचं. आम्ही शेतीवर स्थिरावलो, मेंढरं गेली, पण ती नजर यांच्याकडे आली. मला कधी कधी वाटायचं, ह्या माणसानं सगळं गाव मेंढरांसारखं वाघरात, जाळीच्या कुंपणात, घालून ठेवलंय. कोणीही कचेरीत आलं की हे अर्ज वाचायच्या आधी विचारायचे, "थोरलीचं बाळंतपण माहेरी का सासरी?" समोरचा तिथंच विरघळायचा. त्याचा अर्ज मंजूर झाला नाही तरी तो खूश होऊन जायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कागदावर यांचा विश्वास नव्हता. कुणाला नळ द्यायचा, कुणाच्या गल्लीत दिवा लावायचा, सगळा तोंडी कारभार. शब्द दिला की डोक्यात ठेवला.

आणि माती चुकवली नाही. गावात कोणीही वारो, कुठल्याही आळीतलं, हे हजर. दहाव्याला नदीवर माईक लागला की शेवटचं भाषण यांचं. हातात चिठ्ठी नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं काही सांगायचे की घरच्यांनाच नव्यानं आठवायचं. लोक थट्टेनं म्हणत, आप्पा बोलणार असतील तर मरायला हरकत नाही.

आजवर अध्यक्ष निवडायचे ते मेंबर. पंधरांतले आठ सांभाळले की झालं. त्या वर्षी कायदा बदलला. अध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा. चार हजारांवर मतदार. समोर उभे राहिले बाळासो वकील, पुण्याला शिकून आलेले, चाळिशीच्या आतले. त्यांची जीप दिवसभर फिरायची आणि भोंग्यातून एकच सांगायची: आप्पांनी भरपूर केलं, आता आप्पांना विश्रांती द्या. त्यांना काही कळलं होतं असं नाही. पण विश्रांती हा शब्द ऐकला की माझ्या हातातली भाकरी फाटायची.

दौंडला माझी मावसबहीण असते. तिला भेटायचं निमित्त करून मी यांना तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, आजचा वार विचारला, पंतप्रधान कोण ते विचारलं. यांनी सगळं बरोबर सांगितलं, वर डॉक्टरांच्या वडिलांची चौकशी केली. डॉक्टर हसले, टॉनिक लिहून दिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "जुनं राहील, नवं गळेल. ताण देऊ नका." मी ते यांना सांगितलं नाही. टॉनिक तेवढं पाजत राहिले.

उमेदवारीचा अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी आम्ही एस.टी.नं शिरूरला गेलो. यांना तालुका कचेरीत दुसरं काही काम होतं, निदान मला तसंच सांगितलं होतं. कचेरीच्या आवारात लिंबाखाली हे थांबले आणि मला नावानं हाक मारून म्हणाले, "पुतळा, मागं घेऊ का गं?"

आता खरं लिहिते. त्या क्षणी हो म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. डॉक्टरांचे शब्द कानात होते. पण तेरा वर्षं मी अध्यक्षीणबाई होते. हळदीकुंकवाला गेले की मला पाट आधी मिळायचा. माझ्या मनात आलं, उद्या ह्याच बायका माझ्यावरून बोलता बोलता निघून जातील. आणि यांचं काय? सकाळी फेटा बांधून हा माणूस जाणार कुठं? घरात बसला तर महिन्याभरात संपेल. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कुठली मोठी होती ते मी स्वतःला विचारलं नाही.

"मागं घेतला तर लोक म्हनतील, वकिलाला भ्याले," मी म्हणाले. "मी हाय न्हवं बरुबर."

आम्ही चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.

मग मी युक्ती काढली. प्रचाराला आजवर मी कधी बाहेर पडले नव्हते. आता हळदीकुंकवाचा करंडा घेऊन यांच्याबरोबर निघाले, आणि चालायचे ती अर्धं पाऊल पुढं. दारात पोचायच्या आधीच मी हाक मारायची, "काय भागुबाई, पोपट आला का रजेवर?" की मागून हे लगेच धागा पकडायचे, "पोपटराव मिल्ट्रीत ना? कुठं हाय सध्या?" भागुबाई खूश. पुढचं दार. दिवसाला साठ-सत्तर घरं. सकाळी भाकऱ्या थापताना मी त्या दिवसाची सगळी आळी मनात घोकायची, कोणाची सून, कोणाचं पोर, कोण गेलं, कोण आलं. लोक चेष्टा करायचे, "वैनींनाच तिकीट द्या की!" हे मोठ्यानं हसायचे. मीही हसायची आणि पदराखाली तळहात पुसायची.

भीमनगरात मात्र गाडं अडलं. तिथली चांगुणा, दौंडला रेल्वेत नोकरीला असलेल्या ज्ञानदेव मास्तरांची भावजय. सातवी शिकलेली, सरळ बोलणारी. मी नावानं हाक मारली, हे पुढं होऊन हसले. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "आप्पा, आमच्या सासऱ्याला तुमी शबुद दिला हुता. ते तर गेले. काय शबुद दिला हुता, तेवढं सांगा."

हे माझ्याकडे बघायला लागले. मला कुठलं माहीत? मी कचेरीत थोडीच बसायची!

"दिला असंल तर पाळीन की," हे म्हणाले.

"असंल न्हवं. दिलाय." तिनं पेला परत घेतला. "पंधरा घरांना मिळून एक नळ, आन् तोबी रस्त्यापल्याड. ह्या दिवाळीच्या आत गल्लीत पाईप टाकतो म्हनला हुता. सासरे म्हनायचे, आप्पाच्या त्वांडचा शबुद म्हंजी कागुद. आता तुमी कागुदच लिहून द्या."

यांनी खिशातून पेन काढला, मग ठेवला. "निवडून आलो की पयलं काम तुझं," म्हणाले. चांगुणानं मान हलवली, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर यांनी मला विचारलं, "कशाचा पाईप गं?" मी सांगितलं. पुढच्या चौकात पुन्हा विचारलं. असे किती शब्द यांच्या डोक्यातून गळून गेले असतील, ह्या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तोवर मला वाटत होतं की झाकायचं आहे ते आमच्या घरापुरतंच.

मतदान रविवारी होतं. त्याच्या आधीच्या गुरुवारी मधल्या आळीतल्या थोरल्या भावजींचा दहावा आला.

हे भावजी म्हणजे यांचे चुलत भाऊ. थोरले रखमाजी, ते वारले होते. धाकटे कोंडिबा, तेही यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. दोघं एकाच घरात राहायचे. आता लिहिताना मी ही नावं लिहिते, तेव्हा तोंडातून काढली नसती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही तसं थोरल्या दिरांचंही नाही. अख्ख्या गावाची नावं मी यांना पुरवत होते, पण भावकीतल्या थोरल्यांची नावं माझ्या जिभेवर येत नव्हती. सकाळी फेट्याचं टोक धरून मी एवढंच म्हणाले, "आज मधल्या आळीतल्या भावजींचा दहावा. तुमाला बोलायचंय."

"म्हाईत हाय की," हे म्हणाले. चेहरा उतरलेला होता, डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, समजलंय. भावाचं दुःख आहे, ते कसं विसरतील? एक नाव घेतलं असतं तर काही माझं सौभाग्य उणं होणार नव्हतं. घेतलं नाही.

नदीवर ही गर्दी! मतदान तोंडावर, त्यामुळे पुढारी झाडून सगळे आलेले. भावकीतल्या पुरुषांनी डोकी केलेली. कोंडिबा भावजी पहिल्या ओळीत, गुळगुळीत डोक्यावर उपरणं घेऊन बसलेले. आम्ही बायका घाटाच्या डाव्या अंगाला. बाळासो वकील आधी बोलले, थोडकं आणि नीट. मग यांच्या हातात माईक आला.

"कोंडिबादादा गेला," हे म्हणाले.

माझ्या शेजारी धुरपदा बसली होती, कोंडिबा भावजींचीच मुलगी. तिनं माझा हात घट्ट धरला. सगळ्या घाटावर कोणी हललं नाही.

"पुराच्या साली मी सहा वर्साचा हुतो," हे सांगायला लागले. आवाज कापत होता. "मेंढरं पल्याड आन् नदी भरून आलेली. दादानं मला खांद्यावर घेतलं. म्हनला, खाली बघू नगंस, माझ्या कानाकडं बघ. मी कानाकडं बघत नदी पार केली. पल्याड गेल्यावर मला कळलं, दादाला पव्हताच येत न्हवतं."

असं बोलत होते! इतकं चांगलं भाषण मी यांचं कधी ऐकलं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी रडत होते तो माणूस सहा हातांवर बसून ऐकत होता. यांच्याकडे बाळासो बघत नव्हते. ते बायकांच्या बाजूला, सरळ माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. मी अर्धं पाऊल पुढं का चालत होते, ते सगळं त्यांना त्या एका क्षणात कळलं असणार. मला उठून ओरडावंसं वाटत होतं. पण काय ओरडू? दोन्ही भावजींची नावं घेऊन साऱ्या गावासमोर सांगू, की अहो, हा नव्हे तो गेलाय? पुढारी एकमेकांकडे बघायला लागले, मागच्या बाजूला कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात कोंडिबा भावजी उठले. यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि माईक आपल्याकडे वळवला.

"मंडळी, घाबरू नका. मी भूत न्हाई. मीच सांगितलं हुतं आप्पाला. म्हनलं, माझ्या दहाव्याला तू बोलशील ते साऱ्या गावाला ऐकू यील, मलाच येनार न्हाई. थोरल्याच्या दहाव्याला गाव गोळा हुनारच हाय, तवा माझंबी उरकून घे. थोरल्याला थट्टा आवडायची, त्याला राग यायचा न्हाई." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "ऐकलं बाबा. लई ग्वाड वाटलं. आता थोरल्याचं मी बोलतो."

आधी कोणीतरी हसलं. मग सगळा घाट हसला, बायकासुद्धा, आणि हसता हसता कित्येकांनी डोळे पुसले. भावजी थोरल्याबद्दल दोन वाक्यं बोलले आणि रडायला लागले. दहावा पार पडला.

घरी येताना यांनी विचारलं, "दादा मधीच का उठला गं?" मी म्हणाले, त्यांना बोलायचं होतं म्हणून.

संध्याकाळी भावजी आमच्या दारात आले. थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडाकडे बघून बोलत नाही. ते अंगणात उभे राहून गोठ्याकडे बघत बोलले. मी दाराआड पदर घेऊन उभी.

"कवापास्नं हाय हे?"

"श्रावणापास्नं."

"आज मी केलं ते त्येच्यासाठी केलं. माझं लेकरूच हाय ते. तुमी करताय ते कुनासाठी, एवढं बघा."

मला राग आला. भावजींना काय जातं बोलायला! दिवसाला सत्तर घरं मी चालत होते, घोकत मी होते. भावजी पाणीही न पिता गेले.

आणि झालं काय, तर ती गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली, पण निराळीच होऊन. आप्पांनी आणि कोंडिबानं मिळून दहाव्याला कशी गंमत केली, जित्या माणसाला कसं रडवलं! पारावर, सलूनमध्ये, नळावर तेच. बाळासो वकिलांनी त्यावर भोंग्यातून एक अक्षर काढलं नाही. का काढलं नाही, ते मला आजही कळलेलं नाही; दहाव्यावर राजकारण केलं असं कोणी म्हणेल ही भीती असेल, किंवा माणूसच बरा असेल. त्या एका भाषणानं यांना शंभर-दोनशे मतं जास्त पडली, असं सगळे म्हणतात.

आणि हे निवडून आले ते एकशे बारा मतांनी.

सोमवारी दुपारी निकाल लागला. गुलाल उधळत, हलगी वाजवत मिरवणूक घराकडे आली. मी ताट घेऊन उंबऱ्यात उभी होते. पाय जमिनीवर नव्हते माझे, खोटं कशाला बोलू? चार महिने जिवाचं पाणी केलं होतं, आणि जिंकले होते. रतनबाई, गिताबाई, सगळ्या माझ्याभोवती. यांना खांद्यावरून उतरवलं. कपाळ, मिशा, फेटा, सगळं गुलालानं माखलेलं. मी ओवाळायला पुढं झाले तशी यांनी ताटाखालून माझं मनगट धरलं.

"झालं न्हवं तुझ्या मनासारखं?" हे हळूच म्हणाले. "आता चल, घरी जाऊ."

आम्ही आमच्याच उंबऱ्यावर उभे होतो. यांच्या मागं आमची तुळस होती, शेजारी यांनी स्वतः बसवलेला ओटा. हे माझ्याकडे असे बघत होते की मी कुठंतरी लांब आणून उभं केलंय आणि आता तरी परत नेईन. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोसलं असतं. लिंबाखाली विचारलं होतं तेच पुन्हा विचारत होते, आणि आता हो म्हणायला माझ्या हातात काही राहिलं नव्हतं.

"भाषण! आप्पा, भाषण!" बाहेर लोक ओरडत होते. म्युनिसिपालटीचा शिपाई म्हाळू माईक घेऊन ओट्यावर चढला. गर्दीच्या कडेला चांगुणा उभी होती, कडेवर घागर, हसत नव्हती, नुसती ऐकायला थांबलेली.

मी ताट गिताबाईकडे दिलं. यांना हाताला धरून आत नेलं, खाटेवर बसवलं, दार ओढून घेतलं. मग ओट्यावर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात घेतला.

"आप्पांचा आवाज बसलाय," मी म्हणाले. "त्यांनी मला बोलायला सांगितलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच वर्षांची मुदत होती.